हवामान करार आणि कोकण किनारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न वर्षभर येत राहतात, पण त्यांना दोनदा उधाण येतं. मे-जूनमध्ये अरबी समुद्रात वादळाची बातमी आली की एकदा, आणि नोव्हेंबरात कुठल्यातरी परदेशी शहरात हवामान परिषद भरली की दुसऱ्यांदा. विचारणारे आंबा-काजूवाले, मच्छीमार, शाळेतले शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य आणि मुंबईत राहून गावच्या घराची काळजी करणारे चाकरमानी. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल, तर तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हवामान करार म्हणजे नेमका कोणता? दरवर्षी नवा होतो का?

नाही. मूळ करार एकच आहे. १९९२ साली ब्राझीलमधल्या रिओ परिषदेत तो मांडला गेला आणि १९९४ पासून लागू झाला. त्याखाली दरवर्षी सदस्य देशांची बैठक होते, तिला ‘कॉप’ म्हणतात. पहिली १९९५ मध्ये बर्लिनला झाली, तिसावी २०२५ मध्ये ब्राझीलमधल्या बेलेमला. या बैठकांमधून आजवर मोठे करार दोनच निघाले: १९९७ चा क्योटो आणि २०१५ चा पॅरिस. आज बातमीत नुसतं ‘हवामान करार’ असं आलं की पॅरिस करार समजायचा.

२. पॅरिसमध्ये ठरलं तरी काय?

औद्योगिक काळाच्या आधीच्या तुलनेत पृथ्वीची सरासरी तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवायची आणि दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करायचा. त्यासाठी हवेत सोडले जाणारे कार्बनसारखे वायू (उत्सर्जन) कमी करण्याचा आराखडा प्रत्येक देशाने स्वतः ठरवायचा आणि दर पाच वर्षांनी नवा द्यायचा, आधीच्यापेक्षा कडक. श्रीमंत देशांनी गरीब देशांना पैसा द्यायचा. भारताने २ ऑक्टोबर २०१६ रोजी या कराराला मान्यता दिली.

आकडे प्रत्येकाने स्वतः ठरवायचे, हीच या कराराची ताकद आणि हीच त्याची मोठी खोट. वरून आकडे लादले असते तर निम्मे देश आत आलेच नसते. तसं न केल्यामुळे जवळजवळ सगळे आत आले, पण सगळ्यांच्या आराखड्यांची बेरीज केली तर दीड अंशाचं गणित जुळत नाही.

३. दीड अंश म्हणजे काय मोठंसं? आमच्याकडे पहाटे आणि दुपारी दहा-बारा अंशांचा फरक असतो.

हा सर्वांत जास्त आलेला प्रश्न, आणि रास्त आहे. दीड अंश ही सगळ्या पृथ्वीची, जमीन आणि समुद्र धरून, वर्षाची सरासरी आहे. ती एवढी सरकण्यासाठी समुद्रात प्रचंड उष्णता साठावी लागते. वाढलेल्या उष्णतेचा नव्वद टक्के भाग समुद्रच गिळतो. किनाऱ्यावरच्या माणसाने हवेपेक्षा समुद्राकडे जास्त बघावं ते यासाठी.

अरबी समुद्र एके काळी चक्रीवादळांसाठी फारसा ओळखला जात नव्हता, ती ख्याती बंगालच्या उपसागराची. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मोसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००१ ते २०१९ या काळाची आधीच्या दोन दशकांशी तुलना केली. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या सुमारे ५२ टक्क्यांनी वाढलेली दिसली, ती समुद्रावर टिकून राहण्याचा काळही वाढला. आपल्याला हे आकड्यांशिवायही ठाऊक आहे: २००९ चं फयान, २०१९ चं क्यार, २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते.

दुसरा परिणाम पावसाचा. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं. पाऊस पडतो तेव्हा तो एकदम कोसळतो.

तिसरा आंब्याचा. हापूसला मोहोर यायला कोरडी हवा आणि थंडीचा सलग ताण लागतो. पाऊस नोव्हेंबरापर्यंत रेंगाळला की झाड मोहोराऐवजी पालवी काढतं. मोहोर आल्यावर अवेळी पाऊस झाला की तुडतुडे, भुरी आणि करपा येतात आणि फवारणीचा खर्च दुप्पट होतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा चढला की फळगळ. बागायतदाराचं नुकसान सरासरीमुळे होत नाही, अशा चार-सहा दिवसांमुळे होतं. सरासरी वर गेली की असे दिवस वाढतात, एवढाच दीड अंशाचा आणि आपला संबंध.

२०२४ हे पूर्ण वर्ष दीड अंशापलीकडे गेलेलं पहिलं वर्ष ठरलं. म्हणजे करार मोडला असं नव्हे, कारण मर्यादा साधारण वीस वर्षांच्या सरासरीवर मोजतात. पण ती रेषा आता लांब राहिलेली नाही.

४. मग पाच-दहा वर्षांनी करार कडक केला तर काय बिघडतं? एवढी घाई कसली?

धुराच्या काळेपणासारखा कार्बन वायू दोन पावसांत धुऊन जात नाही. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं तिथेच राहतो. त्यामुळे तापमान या वर्षीच्या उत्सर्जनावर ठरत नाही, आजवरच्या एकूण साठ्यावर ठरतं. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत त्याचं प्रमाण दशलक्ष भागांत २८० होतं, आज ते ४२० च्या पुढे आहे.

साठ्याचा हिशेब असल्यामुळे शिल्लक, म्हणजे अजून किती कार्बन डायऑक्साइड सोडता येईल ते, मोजता येते. दीड अंशाच्या आत राहण्याची निम्मी-निम्मी शक्यता हवी असेल, तर २०२५ च्या सुरुवातीला जगाकडे सुमारे १३० अब्ज टन शिल्लक होती. जग वर्षाला ४० अब्ज टनांहून जास्त सोडतं. भागाकार तुम्हीच करा. दीड अंश बहुधा हातचा गेलाच आहे. पण पुढचा प्रत्येक दशांश अंश अजून हातात आहे, आणि १.७ व २.५ यांत फरक फार मोठा आहे.

आता हे कोकणच्या कालगणनेत बघा. आज लावलेलं हापूसचं कलम सात-आठ वर्षांत हातात पैसा देऊ लागतं आणि नीट राखलं तर पुढची चाळीस-पन्नास वर्षं देतं. म्हणजे त्याचं ऐन उत्पन्न २०५० च्या आसपासच्या हवेत यायचं आहे. ती हवा कशी असेल, हे आत्ताच्या आणि पुढच्या एक-दोन आराखड्यांत ठरतंय. माडाचं तेच, चिऱ्याच्या नव्या घराचं तेच, खाडीकाठच्या बंधाऱ्याचं तेच. वाटाघाटी करणाऱ्यांसाठी २०५० हा कागदावरचा आकडा असेल, कलम लावणाऱ्यासाठी ती गुंतवणुकीची मुदत आहे. ‘पुढच्या परिषदेत बघू’ हे वाक्य आपल्याला सर्वांत महाग पडतं ते त्यामुळे.

५. समुद्र खरंच वर येतोय का? आमच्या गावात तर तो जिथल्या तिथे आहे.

१९०१ ते २०१८ या काळात जगभरची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. वाढीचा वेगही वाढला आहे: २००६ नंतर वर्षाला साडेतीन-चार मिलिमीटर. नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, कारण आपल्याकडे भरती-ओहोटीतला फरकच काही मीटरचा.

फरक दिसतो तो उधाणाला. अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती, त्यात पावसाळी वारा आणि त्याच वेळी डोंगरातून येणारं नदीचं पाणी, असं तिन्ही जुळलं की आधी बंधाऱ्याच्या काठापर्यंत येणारं पाणी आता वरून जातं. पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला विचारा. बंधाऱ्याला एक खांड गेली की खारं पाणी भातशेतीत शिरतं आणि ती जमीन पुन्हा पिकाखाली यायला काही पावसाळे जातात. आणि त्या शेतात एकदा कांदळवन उगवलं की ते कायद्याने तोडताही येत नाही, ही वेगळीच कटकट.

मात्र तुमच्या किनाऱ्याची वाळू गेली, सुरूची झाडं आडवी झाली, म्हणजे लगेच समुद्रपातळी वाढली असं धरू नका. खाडीतला वाळूउपसा, नवी जेटी, शेजारच्या गावातला दगडी बंधारा यांनीही वाळूची वाट बदलते (प्रश्न ६).

एक कडू गोष्ट सांगायला हवी. उद्या सगळं उत्सर्जन थांबलं तरी समुद्र शतकानुशतकं थोडा-थोडा वर येतच राहील, कारण खोल पाणी हळू तापतं आणि बर्फ हळू वितळतो. कराराने समुद्र मागे जाणार नाही. तो किती वेगाने येईल आणि कुठवर येईल, एवढंच आपल्या हातात आहे. गावाला तयारीसाठी तीस वर्षं मिळतात की शंभर, हा फरक छोटा नाही.

६. धूपप्रतिबंधक बंधारा बांधला की झालं. करार कशाला?

वस्ती, रस्ता किंवा बंदर वाचवायचं असेल तिथे बंधारा लागतोच. पण दगडी भिंतीवर आपटलेली लाट समोरची वाळू ओढून नेते आणि भिंत संपते तिथे धूप सुरू होते. मग पुढच्या वाडीचे लोक बंधारा मागतात. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं बंधाऱ्याचा खर्च चालू आहे, तो बघितलेल्याला जास्त सांगायला नको. सातशे किलोमीटरच्या किनाऱ्याला तट बांधणं परवडणारं नाही. कांदळवन, वाळूचे ढीग आणि त्यावरची वेल-झुडपं राखणं स्वस्त पडतं, पण त्यालाही समुद्र किती वेगाने चढतो याची मर्यादा आहेच.

७. चिपळूणचा पूर, तळियेची दरड, निसर्ग वादळ: हे सगळं हवामानबदलामुळेच ना?

सरसकट ‘हो’ म्हणणं पुढाऱ्यांच्या सोयीचं आहे, म्हणून जरा सविस्तर.

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. असा पाऊस तापलेल्या जगात जास्त वेळा पडेल, यावर शास्त्रज्ञांचं एकमत आहे. पण तो चिपळूणच्या बाजारपेठेत मजलाभर पाणी होऊन शिरला, त्यात वाशिष्ठी नदीत साठलेला गाळ होता, पात्राच्या कडेची बांधकामं होती, भरतीची वेळ होती, आणि कोयनेच्या विजेनंतर या बाजूला सोडल्या जाणाऱ्या अवजलावरून झालेला वाद तर अजून शमलेला नाही. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. तिथेही पावसाबरोबर उतार, माती आणि वस्तीची जागा यांचा विचार करावा लागतो.

निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात धडकलं. एका वादळाचं बोट धरून ‘हे हवामानबदलाने आणलं’ असं म्हणता येत नाही. तापलेल्या समुद्रामुळे अशी वादळं वाढतात आणि झपाट्याने जोर धरतात, एवढं म्हणता येतं (प्रश्न ३).

थोडक्यात, पाऊस वाढवणं थांबवायचं काम कराराचं, गाळ काढायचं आणि पूररेषा पाळायचं काम आपलं. कुठल्याही अधिकाऱ्याने गटार तुंबल्याचं खापर पॅरिसवर फोडलं तर ऐकून घेऊ नका.

८. धूर अमेरिका-युरोपने सोडला. आपण का भोगायचं?

तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि भारत सरकार ती १९९२ पासून मांडत आलं आहे. आजवर जमिनीतून काढून जाळलेल्या इंधनाचा एकूण कार्बन घेतला, तर एकट्या अमेरिकेचा वाटा पावभागाच्या जवळ जातो, भारताचा तीन-चार टक्के. माणशी हिशेब केला तर अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडतो, जगाची सरासरी ४.७ च्या आसपास, भारतीय माणूस साधारण २ टन. जबाबदारी सामायिक पण वाटा वेगवेगळा, हे तत्त्व मूळ करारातच लिहिलेलं आहे.

पण एकूण बेरजेत चीन आणि अमेरिकेनंतर आजचा तिसरा मोठा उत्सर्जक भारतच आहे, जगाच्या सुमारे ८ टक्के. वातावरण अन्यायाची नोंद ठेवत नाही, फक्त टनांची ठेवतं. म्हणून न्याय मागायची जागा करार हीच आहे, कराराबाहेर तो मागायला दुसरं व्यासपीठ नाही. जो देश सर्वांत जास्त भोगणार आहे, त्याने सर्वांत जास्त घाई करावी असं आमचं मत. इथल्या बऱ्याच वाचकांना ते पटत नाही, हेही ठाऊक आहे.

९. भारताने नेमकं काय कबूल केलं आहे?

२०३० पर्यंत विकासाच्या प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करणं, आणि वीजनिर्मितीची निम्मी क्षमता कोळसा-वायूशिवाय उभी करणं. त्याशिवाय, २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन (जेवढं सोडू तेवढंच शोषून घेऊ) गाठण्याची घोषणा २०२१ मध्ये ग्लासगोला झाली.

यातलं निम्म्या क्षमतेचं लक्ष्य २०२५ मध्येच, पाच वर्षं आधी, गाठल्याचं सरकारने जाहीर केलं. कौतुक करावं, पण बारीक अक्षरंही वाचावीत. क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य रात्री नसतो, वारा रोज सारखा नसतो, त्यामुळे देशातली सुमारे सत्तर टक्के वीज अजून कोळशातूनच येते. जयगडचं औष्णिक केंद्र उद्या बंद होणार, अशी आशा किंवा भीती कुणी बाळगू नये.

१०. करार मोडला तर शिक्षा काय? अमेरिका तर सरळ बाहेर पडली.

दंड नाही, तुरुंग नाही. आराखडा द्यायलाच हवा हे बंधनकारक आहे, तो पूर्ण करणं नाही. अनुपालनासाठी समिती आहे, पण तिचं काम समजावण्याचं.

अमेरिका नोव्हेंबर २०२० मध्ये बाहेर पडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये परतली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने पुन्हा नोटीस दिली, जी वर्षभराने लागू झाली. मात्र तिच्यामागून देशांची रीघ लागली नाही, ही बातमी कमी छापली गेली.

एक नवी गोष्ट लक्षात ठेवा. वानुआतू नावाच्या छोट्याशा बेटराष्ट्राच्या पुढाकाराने प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने मत दिलं की हवामानाचं रक्षण हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडणं आंतरराष्ट्रीय कायद्याचा भंग ठरू शकतं. हे मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, थेट अंमलबजावणी होत नाही. पण पुढचे खटले त्यावर उभे राहतील.

११. तीस परिषदा झाल्या, कार्बन वाढतोच आहे. हे सगळं थोतांड नाही का?

परिषदांचा रटाळपणा आणि लवाजमा बघून राग येणं स्वाभाविक आहे. तीसपैकी सत्तावीस परिषदा होऊनही अंतिम ठरावात ‘जीवाश्म इंधनांपासून दूर जाणं’ हे शब्द आलेच नव्हते. ते आले २०२३ मध्ये, दुबईत. बेलेमला त्यापुढचा वाटनकाशा हवा म्हणून ऐंशीहून जास्त देश बोलले आणि अंतिम मजकुरात तो आला नाही.

तरी दोन गोष्टी. पॅरिसपूर्वी जग या शतकअखेरीस जवळजवळ ४ अंशांच्या दिशेने चाललं होतं. आजची प्रत्यक्ष धोरणं धरली तर संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाने २.८ च्या आसपास. वाईटच आहे, पण त्या सव्वा अंशात किती खारेपाट बसतात ते प्रश्न ५ वरून ताडून बघा.

दुसरी गोष्ट, जगाने असा करार एकदा पाळून दाखवला आहे. ओझोन थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला. फ्रिज, एसी आणि फवाऱ्यांतले घातक वायू जवळजवळ बंद झाले आणि ओझोन थर भरून येतो आहे. तो का जमला? वायू बनवणारे कारखाने मोजके होते, पर्याय हाताशी होते, गरीब देशांना बदलासाठी निधी मिळाला, आणि बाहेर राहणाऱ्याशी त्या मालाचा व्यापार बंद होता. कोळसा-तेलाच्या बाबतीत कारखाने मोजके नाहीत, सगळी अर्थव्यवस्थाच त्यावर चालते. पण पर्याय आता हाताशी आलेत. अडलंय ते निधीवर आणि व्यापारावर. म्हणून पुढच्या प्रत्येक परिषदेत या दोनच बातम्या आधी वाचाव्यात.

१२. एवढे देश एकमत कसं करणार? मतदान का घेत नाहीत?

कारण मतदानाचा नियमच मंजूर झालेला नाही. पहिल्या परिषदेपासून त्यावर वाद आहे, तेल विकणाऱ्या देशांनी तो रोखून धरला. म्हणून सर्वसंमतीने काम चालतं, आणि एखाद-दुसरा देश मजकूर पातळ करून घेऊ शकतो. ग्लासगोला शेवटच्या तासात कोळसा ‘हद्दपार’ करण्याऐवजी ‘कमी’ करण्याचा शब्द घालून घेणाऱ्यांत भारत पुढे होता, हे इथेच नोंदवून ठेवू.

१३. निसर्गमध्ये आमची सुपारीची बाग गेली. ‘लॉस अँड डॅमेज’ निधीतून भरपाई मिळेल का? अर्ज कुठे करायचा?

थेट अर्ज करता येत नाही. हवामानबदलाने गरीब देशांचं जे नुकसान होतं त्यासाठीचा हा निधी २०२२ मध्ये इजिप्तच्या परिषदेत मान्य झाला. त्यात आजवर कबूल झालेली रक्कम एक अब्ज डॉलरसुद्धा नाही आणि ती सगळ्या विकसनशील जगासाठी आहे. प्रस्ताव सरकारांमार्फत जातात, लहान बेटराष्ट्रं आणि सर्वांत गरीब देश यांना प्राधान्य असतं. जुन्या वादळाची वैयक्तिक भरपाई यातून मिळेल, असं सांगणारा कुणी भेटला तर त्याला कागदपत्रं देऊ नका.

तुमच्यासाठी रस्ते दोनच: आपत्ती निवारण निधीतली सरकारी मदत आणि हवामानावर आधारित फळपीक विमा. निसर्गनंतर सरकारने बागांसाठी हेक्टरी ५० हजार रुपये जाहीर केले. तेव्हाचा वाद आठवत असेल: सुपारी दाटीने लावलेली असते, वाड्या गुंठ्यांत असतात, त्यामुळे हेक्टरी हिशेबाने हातात फारच थोडं आलं आणि झाडागणिक मदतीची मागणी झाली. सुपारीचं नवं झाड धरायला सहा-सात वर्षं लागतात, तोवरच्या उत्पन्नाचं काय, याचं उत्तर कुठल्याच पंचनाम्यात नाही. जागतिक निधीची मागणी नेमकी या रिकाम्या जागेसाठी आहे. म्हणून त्याला हसू नका, त्यावर विसंबूही नका.

फळपीक विम्याबद्दल एक सूचना: भरपाई तुमच्या बागेतल्या नुकसानीवर ठरत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरते. तुमच्या मंडळातलं केंद्र कुठे आहे आणि चालू आहे का, हे हंगामाआधी बघून ठेवा.

१४. या करारांचा पैसा कोकणात कधी आला आहे का?

आला आहे, थोडा. मूळ कराराखालच्या हरित हवामान निधीने २०१८ मध्ये भारताच्या किनारपट्टीसाठी सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर मंजूर केले. आंध्र प्रदेश, ओडिशा आणि महाराष्ट्र, अशी तीन राज्यं. आपल्याकडे सिंधुदुर्गासह किनारी भागात कांदळवनांची पुनर्लागवड, खेकडापालन, कालवंपालन अशी कामं त्यातून आणि राज्याच्या कांदळवन कक्षामार्फत झाली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, तो उपक्रम त्याआधीच्या, अशाच आंतरराष्ट्रीय पैशातून चाललेल्या प्रकल्पाच्या काळातला.

मोठ्या रकमेची गोष्ट निराळी. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कबूल केलेले वर्षाला १०० अब्ज डॉलर दोन वर्षं उशिरा, २०२२ मध्ये पूर्ण झाले आणि त्यात बराच भाग कर्जाचा होता. २०२४ मध्ये बाकूला नवा आकडा ठरला: २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज. गरज १.३ लाख कोटी डॉलरची सांगितली जात होती. ठराव मंजूर झाल्याचं जाहीर होताच भारताने तिथेच जाहीर आक्षेप घेतला, आणि तो बरोबर होता.

१५. एक एजंट म्हणतो, बांबू लावा, कार्बन क्रेडिटचे पैसे मिळतील. खरं का?

पॅरिस कराराच्या सहाव्या कलमात कार्बनच्या व्यवहाराची तरतूद आहे, त्यामुळे संकल्पना खोटी नाही. पण क्रेडिट मिळतं ते प्रकल्पामुळे जादा शोषलेल्या कार्बनचं. आधीपासून उभ्या असलेल्या आंबा-काजूच्या बागेचं सहसा मिळत नाही. मोजणी आणि पडताळणीचा खर्च मोठा असतो, म्हणून शेकडो शेतकऱ्यांची जमीन एकत्र करावी लागते. करारनाम्यात मुदत किती, झाड तोडायचा हक्क कुणाचा आणि सातबाऱ्यावर काही चढणार का, ही तीन उत्तरं लेखी मिळेपर्यंत सही करू नका. नोंदणीसाठी आगाऊ पैसे मागितले तर चहा पाजून वाटेला लावा.

१६. मासळी कमी झाली ती समुद्र तापल्यामुळे की पर्ससीनमुळे (थवाच्या थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांमुळे)?

दोन्ही. आणि या प्रश्नावर बंदरात मारामाऱ्या होतात, म्हणून मोजून बोलतो. तारली आणि बांगडा हे थवे करून फिरणारे मासे पाण्याच्या तापमानाप्रमाणे जागा बदलतात. बांगडा पूर्वीपेक्षा उत्तरेकडे आणि खोल पाण्यात मिळू लागल्याचं संशोधकांनी नोंदवलं आहे. वादळी दिवस वाढले की होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागतात, तो वेगळा तोटा.

पण पिल्लांसकट सगळं उचलणारी जाळी आणि बंदी असूनही प्रखर दिव्यांनी मासळी गोळा करून चालणारी एलईडी मासेमारी, यांचा जागतिक कराराशी काही संबंध नाही. पर्ससीनवर महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने निर्बंध घातले. ते पाळले जातात का, हे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांना विचारा. तापलेल्या पाण्यात मासळीचा साठा आधीच नाजूक असतो, त्यामुळे जास्तीची मासेमारी पूर्वीपेक्षा लवकर अंगाशी येते.

१७. सीआरझेडमुळे (किनाऱ्यालगतच्या बांधकामांवरच्या नियमांमुळे) घर दुरुस्त करता येत नाही. हे हवामान करारामुळेच आलं ना?

नाही. सीआरझेडची पहिली अधिसूचना १९९१ ची, मूळ करार १९९२ चा. ती भारताच्याच १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली निघाली.

१८. हापूस युरोपला पाठवतो. त्यांचा नवा कार्बन कर लागेल का?

सध्या नाही. तो पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज यांवर आहे. २०१४ मध्ये युरोपने हापूस रोखला होता तो फळमाशीमुळे, आणि बंदी पुढच्या वर्षी उठली.

१९. कराराने रिफायनरी किंवा जैतापूर थांबेल का?

करार कुठल्याही एका प्रकल्पाला हो-नाही म्हणत नाही, तो निर्णय देशाचा. गंमत अशी की जैतापूरची सुमारे १० हजार मेगावॉट अणुवीज आली तर ती ‘बिगर-जीवाश्म’ क्षमतेत धरली जाईल, म्हणजे करार तिच्या बाजूने बोलतो. तेलशुद्धीकरणाचं उलट: जग तेलापासून दूर जाणार असं ठरलेलं असताना चाळीस वर्षांच्या आयुष्याचा कारखाना उभारायचा का, हा प्रश्न विरोधकांइतकाच गुंतवणूकदारांनीही विचारायला हवा. मात्र जमीन, मासेमारी आणि जनसुनावणीचे मुद्दे कराराच्या आडोशाने मिटत नाहीत, कुणाच्याच बाजूने.

२०. वाळू तापल्यामुळे वेळासच्या कासवांची सगळी पिल्लं माद्या होणार, हे खरं का?

दिशा खरी आहे. ऑलिव्ह रिडलेच्या पिल्लाचं लिंग अंड्याभोवतीच्या वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या वाढतात, फारच तापली तर अंडीच खराब होतात. वेळास, आंजर्ले अशा ठिकाणी अंडी उबवणी केंद्रात हलवली जातात, तिथे सावली करता येते. मोकळ्या घरट्यांना नाही.

२१. ग्रामपंचायतीने ठराव करून काही होतं का?

आंतरराष्ट्रीय परिषदेत गावाच्या ठरावाला स्थान नाही. पण भारताचा आराखडा दर पाच वर्षांनी बनतो, राज्याचा कृती आराखडा त्याखाली येतो आणि जिल्ह्याचा आपत्ती आराखडा त्याखाली. खासदाराला लिहिताना ‘पर्यावरण वाचवा’ एवढंच लिहू नका. किती हेक्टर खारजमीन गेली, मासेमारीचे किती दिवस वाया गेले, मोहोर किती उशिरा आला, ते लिहा. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानात पंचायतीला गुण मिळतात, त्यासाठी फलक रंगवण्यापेक्षा या नोंदी ठेवा.

नोंदी ठेवणं सोपं आहे. मोठ्या उधाणाला पाणी कुठवर आलं त्याची खूण पक्क्या भिंतीवर तारखेसह करा. विहीर कधी मचूळ झाली, पहिला मोहोर कधी दिसला, फवारण्या किती झाल्या, ते वहीत लिहा. फोटो काढताना मोबाइलमधलं ठिकाण आणि तारीख चालू ठेवा, आणि वहीची एक प्रत शाळेत ठेवा. सरपंच बदलले की पंचायतीतले कागद शोधणं अवघड होतं.